गायक-नट आणि पॉप गायक : ‘तीन पैशाचा तमाशा’मधील अंकुशच्या भूमिकेचा एक विचार

१

पुण्याच्या थिएटर अॅकॅडमीने १९७८ मध्ये पु. ल. देशपांडे यांचे ‘तीन पैशाचा तमाशा’ हे नाटक जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांच्या ‘द थ्रीपेनी ऑपेरा’चे हे मराठी रूप. त्यातील अंकुश या नायकाच्या, म्हणजे मूळच्या मॅकहीथच्या भूमिकेसाठी नंदू भेंडे यांची निवड झाली. भेंडे यांची ओळख तोवर पाश्चात्य पद्धतीच्या रॉक आणि पॉप संगीताचे गायक अशी होती. रागदारीची तालीम नाही, नाट्यपदांचा वारसा नाही, असा गायक संगीतप्रधान मराठी नाटकाचा नायक होतो, ही घटना सामान्यतः एक गमतीदार प्रयोग म्हणून नोंदली जाते. नाटकाचा विचार ब्रेख्तच्या मराठीवरील प्रभावाच्या प्रकरणात होतो, पुलंच्या रूपांतरकौशल्याचाही होतो. मात्र ज्या आवाजात हा नायक गायला, त्या आवाजाचा विचार क्वचितच होतो.

संगीत नाटकात आवाज हा आशयाच्या बाहेर असलेला अलंकार नसतो. कोणत्या प्रकारचा आवाज नायकाला मिळतो, यावरून ते नाटक कोणत्या समाजाला आपला मानते आणि कोणती अभिरुची प्रमाण धरते, हे कळते. म्हणून अंकुशच्या भूमिकेतील पॉप गायकाचा प्रश्न दोन इतिहासांच्या संदर्भात तपासावा लागतो. एक मॅकहीथ या भूमिकेचा युरोपीय इतिहास. दुसरा गायक-नट या संकल्पनेचा मराठी इतिहास. हे दोन्ही इतिहास १९७८ मध्ये एका नटाच्या गळ्यात एकत्र आले. त्या भेटीचे स्वरूप काय होते, आणि तिची परंपरा का झाली नाही, हे पाहणे हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

मॅकहीथ हा रंगभूमीवर जन्मला तोच लोकप्रिय संगीताच्या सोबतीने. जॉन गे यांचे ‘द बेगर्स ऑपेरा’ १७२८ मध्ये लंडनला झाले. त्या काळी लंडनच्या उच्चभ्रू वर्गात इटालियन ऑपेराचा दबदबा होता. परभाषेत गाणारे, असामान्य आवाजाचे गायक हे त्या वर्गाचे दैवत होते. गे यांनी त्या सर्व थाटाची टर उडवली. त्यांच्या नाटकात एकोणसत्तर चाली होत्या आणि त्यांपैकी बहुतेक रस्त्यावरच्या, पोवाडेवजा गीतांच्या, प्रेक्षकांच्या तोंडात आधीच बसलेल्या चाली होत्या. गाणारी माणसे होती चोर, दलाल, तुरुंगाधिकारी आणि वेश्या. ऑपेराचे शरीर ठेवून त्याचा आवाज बदलणे, हीच गे यांची टीका होती. पहिल्या हंगामात नाटकाचे बासष्ट प्रयोग झाले. पॉलीची भूमिका करणारी लॅव्हिनिया फेंटन एवढी लोकप्रिय झाली की तिची चित्रे विकली जाऊ लागली, आणि पुढे ती एका ड्यूकची पत्नी झाली. म्हणजे लोकप्रिय गीत रंगमंचावर येते आणि रंगमंच एखाद्या गायिकेला लोकप्रिय व्यक्ती बनवून परत समाजात पाठवतो, हा दुहेरी व्यवहार या नाटकाच्या पहिल्याच अवतारात पूर्ण झालेला दिसतो.

दोनशे वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनमध्ये ब्रेख्त आणि वाइल यांनी एलिझाबेथ हाउप्टमान यांनी केलेल्या जर्मन भाषांतराच्या आधारे हेच नाटक नव्याने रचले. वाइल हे गंभीर संगीताच्या शिस्तीत वाढलेले रचनाकार होते. तरी त्यांनी टँगो, फॉक्सट्रॉट आणि जॅझ यांच्या वळणाच्या चाली योजल्या. साथीला भव्य वाद्यवृंद नव्हता. सात वादक आळीपाळीने अनेक वाद्ये वाजवीत होते. गाणी ऑपेराच्या गायकांसाठी रचलेली नव्हती, गाऊ शकणाऱ्या नटांसाठी होती. पहिला मॅकहीथ झालेला हाराल्ट पाउल्सेन हा ऑपेरेटाच्या क्षेत्रात नाव मिळवलेला नट होता. त्याच्या ऐटबाज वेशाच्या हट्टावरूनच मॅकहीथच्या गुन्ह्यांची यादी गाणारे प्रारंभीचे गीत आयत्या वेळी रचले गेले, असे सांगितले जाते. आख्यायिकेतील तपशील काहीही असोत, एक गोष्ट स्पष्ट आहे. नायकाचे लोकप्रिय आकर्षण नाहीसे न करता त्याच्या शेजारी त्याच्या कृत्यांचा जमाखर्च मांडून ठेवायचा, ही युक्ती ब्रेख्तने तेव्हाच आत्मसात केली होती.

या नाटकाला जोडलेल्या टिपणांमध्ये ब्रेख्तने दोन मुद्दे मांडले आहेत, ते येथे महत्त्वाचे आहेत. पहिला मुद्दा गाण्याचा. साधे बोलणे, भारदस्त बोलणे आणि गाणे या तीन पातळ्या वेगळ्या राहिल्या पाहिजेत. भावना अनावर झाली म्हणून पात्र आपसूक गाऊ लागले, असा आभास निर्माण होता कामा नये. नटाने गावे आणि त्याच वेळी गाणारा माणूस दाखवावा. दुसरा मुद्दा मॅकहीथचा. तो रोमँटिक डाकू नव्हे. तो बूर्झ्वा आहे. त्याच्या सवयी, त्याचा हिशेबीपणा आणि त्याची प्रतिष्ठेची ओढ मध्यमवर्गीय व्यापाऱ्याची आहे. प्रेक्षकाने दरोडेखोरात परका प्राणी पाहू नये, आपलाच शेजारी पाहावा. या दोन मुद्द्यांच्या निकषावर मराठी अंकुशचा विचार करता येतो.

३

मराठी संगीत नाटकाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या १८८० च्या ‘शाकुंतल’मध्ये दोनशेहून अधिक पदे होती. साकी, दिंडी, लावणी, कीर्तनातील आणि कर्नाटकातील चाली असा तो मिश्र ऐवज होता. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’मध्ये, १८९६ च्या सुमारास, पारशी रंगभूमीच्या ढंगाच्या चाली आणल्या. म्हणजे आरंभीचे संगीत नाटक आपल्या काळातल्या लोकप्रिय संगीताला परके मानत नव्हते. १९११ च्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी दिलेले संगीत आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी दिलेल्या चाली यांपासून मात्र ठुमरी-ख्यालाच्या बंदिशींचे वळण प्रतिष्ठित झाले. नाट्यपद हे हळूहळू मैफलीचे अपत्य बनले.

या प्रक्रियेतून ‘गायक-नट’ ही खास मराठी संस्था निर्माण झाली. भाऊराव कोल्हटकर, बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ ही त्या संस्थेची शिखरे. गायक-नटाच्या बाबतीत प्रेक्षक पात्र आणि गायक यांच्यात भेद करीत होता आणि नव्हताही. रुक्मिणी गात असते तेव्हा बालगंधर्व गात असतात, हे प्रत्येकाला ठाऊक असे. ‘वन्स मोअर’ने कथानक थांबे आणि पद पुन्हा सुरू होई. नाट्यप्रवाह तोडणारे गाणे ही गोष्ट ब्रेख्तच्या कितीतरी आधी मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली होती. फरक होता तो हेतूचा. ब्रेख्तला खंड हवा तो प्रेक्षकाने विचार करावा म्हणून. मराठी संगीत रंगभूमीवर खंड पडे तो प्रेक्षक स्वरात विरघळून जाई म्हणून. म्हणजे बाह्यतः समान वाटणारे दोन संकेत परस्परविरोधी अभिरुचींची सेवा करीत होते. ब्रेख्तचे तंत्र आमच्याकडे होतेच, हे विधान अनेकदा अभिमानाने केले जाते, ते या भेदाकडे दुर्लक्ष करते.

या परंपरेत समकालीन लोकप्रिय गायनाने एकदा शिरकाव केला होता. ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये सादर केलेल्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये केशवराव भोळे यांचे संगीत होते आणि ज्योत्स्ना भोळे यांनी बिंबाची भूमिका केली. मोजकी गाणी, भावगीताच्या जवळचा गळा, तानबाजीला रजा, असे त्या गायनाचे स्वरूप होते. पुढे १९४२ मध्ये मो. ग. रांगणेकरांच्या ‘कुलवधू’त त्यांनी भानुमतीची, म्हणजे नटी झालेल्या गृहिणीची, भूमिका केली. येथे आवाजाचा नवेपणा आणि भूमिकेचा नवेपणा एकमेकांना पूरक होता; बाहेर पडणाऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीला जुन्या पदांचा भरजरी स्वर शोभला नसता. तथापि साठीनंतर विद्याधर गोखले यांची नाटके आणि १९६७ चे ‘कट्यार काळजात घुसली’ यांनी पुन्हा मैफलीच्या गाण्याला मध्यभागी आणले. ‘कट्यार’मध्ये तर गायकी हाच विषय होता, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे यांच्यासारखा जातिवंत गवई उभा होता. संगीत नाटकाचा नायक म्हणजे रागदारी पेलणारा गळा, हे समीकरण दृढ झाले.

४

या समीकरणाला छेद देणारी शक्ती संगीत नाटकाच्या परंपरेतून आली नाही. ती दोन वेगळ्या दिशांनी आली.

पहिली दिशा पुण्याची. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ च्या डिसेंबरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केले. त्यावरून झालेल्या वादानंतर त्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अॅकॅडमीची स्थापना केली. ‘घाशीराम’मध्ये भास्कर चंदावरकर यांनी कीर्तन, लावणी, अभंग अशा परिचित प्रकारांची अशी मांडणी केली की भक्तिगीत ऐकताना त्यामागचा दंभ ऐकू यावा. सतीश आळेकरांच्या १९७४ च्या ‘महानिर्वाण’मध्ये आनंद मोडक यांच्या संगीताने कीर्तनाच्या रूपबंधाला मृत्यूच्या विनोदाशी भिडवले. या प्रयोगांत संगीताचा प्रकार हाच अवतरणचिन्हात घातला गेला होता. कोणते पद गोड आहे यापेक्षा हा प्रकार कोण वापरतो आणि कशासाठी वापरतो, हा प्रश्न तेथे कळीचा झाला.

दुसरी दिशा मुंबईची. अॅलेक पदमसी यांनी १९७४ मध्ये ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ इंग्रजीत सादर केले. अँड्रयू लॉइड वेबर आणि टिम राइस यांची ही कृती १९७० मध्ये आधी ध्वनिमुद्रिका म्हणून प्रसिद्ध झाली आणि मग रंगमंचावर आली. रॉक संगीत ऐकणाऱ्या पिढीच्या कानांवर तिचा पाया होता. मुंबईच्या प्रयोगात जूडासची भूमिका नंदू भेंडे यांनी केली. जूडास हा त्या कृतीतला शंका घेणारा, येशूच्या वाढत्या लोकप्रियतेला हिशेब विचारणारा आवाज आहे. भेंडे हे आत्माराम आणि आशा भेंडे या नामवंत रंगकर्मी दांपत्याचे पुत्र. बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ यांसारख्या फार्सांमुळे आत्माराम भेंडे घरोघर परिचित होते. म्हणजे मराठी नाटकाच्या घरात वाढलेला हा तरुण स्वतःचा आवाज मात्र इंग्रजी रॉकमध्ये शोधत होता. मुंबईच्या इंग्रजी आणि मराठी रंगभूमींमधील अंतर लक्षात घेतले, तर अशा कलावंताने मराठी नाटकात येणे हे एका भाषेतून दुसरीत येण्याइतकेच एका वर्गाच्या संगीतातून दुसऱ्या वर्गाच्या नाट्यगृहात येणे होते.

५

पुलंनी रूपांतर करताना वाइलचे संगीत जसेच्या तसे घेतले नाही. ते घेणे म्हणजे बर्लिनच्या कॅबरेचा गंध पुण्याच्या प्रेक्षकाला संग्रहालयातील वस्तूसारखा दाखवणे झाले असते. त्यांनी वाइलचे तत्त्व घेतले. ते तत्त्व असे, की समाजात प्रचलित असलेले गाण्याचे नाना प्रकार पात्रांच्या तोंडी घालावेत आणि त्या प्रकारांना चिकटलेली प्रतिष्ठा किंवा बदनामी हाच नाट्याशय बनवावा. नाट्यसंगीताचा ढंग, लावणी आणि पाश्चात्य पॉप ही सारी एकाच रंगमंचावर आली. स्वतः पुलं पेटीवादक, गायक आणि संगीतकार होते. बालगंधर्वांच्या गाण्यावर त्यांचे प्रेम सर्वश्रुत होते. अशा लेखकाने नाट्यपदाच्या ढंगाला लबाडांच्या जगात आणून बसवावे, यातच या संहितेचे धाडस आहे. ती टवाळी बाहेरच्याने केलेली नव्हती.

या मांडणीत अंकुशच्या वाट्याला पॉप गायकाचा आवाज आला. त्याचा अर्थ पहिल्यांदा सोपा वाटतो. अंकुश तरुण, रंगेल, कायद्याला न जुमानणारा; आणि पॉप संगीत म्हणजे बंडखोरी. हा अर्थ मात्र अपुरा आहे. १९७० नंतरच्या महाराष्ट्रात इंग्रजी पॉप हे बंडाचे संगीत होतेच, पण त्याआधी ते इंग्रजी शिक्षण, महाविद्यालयीन महोत्सव, आयात केलेल्या ध्वनिमुद्रिका आणि विद्युत-वाद्ये परवडणाऱ्या नागर वर्गाचे संगीत होते. झोपडपट्टीतला किंवा गावाकडचा गुन्हेगार या सुरात गात नव्हता. म्हणून अंकुशच्या गळ्यातून हा सूर निघतो, तेव्हा दरोडेखोराला प्रतिष्ठित घरातल्या मुलाचा आवाज मिळतो. मॅकहीथ हा बूर्झ्वा आहे, हे ब्रेख्तचे सूत्र मराठीत वेशापेक्षा, संवादापेक्षा, या आवाजाने अधिक अचूकपणे उतरवले. रागदारीतला गायक-नट अंकुश झाला असता तर त्याच्या मागे बालगंधर्वी स्मृतींचे वलय उभे राहिले असते आणि डाकू देवमाणूस वाटला असता. लावणी गाणारा नट असता तर गुन्हेगारी ही बहुजनांची मिरास आहे, या पांढरपेशा समजुतीला खतपाणी मिळाले असते. पॉप गायकाने हे दोन्ही धोके टाळले.

तिसरा धोका मात्र होता. हिंदी चित्रपटाने पन्नाशीपासून एक संकेत रूढ केला होता. पाश्चात्य चाल वाजली की क्लब, मद्य, खलनायक आणि त्याची नर्तकी. या संकेताची सवय झालेला प्रेक्षक अंकुशच्या गाण्यांचा असा अर्थ लावू शकत होता की दुराचार परदेशातून आला आहे आणि आपले जुने सूर निष्पाप आहेत. तसे झाले असते तर नाटकाची टीका पूर्णपणे उलटली असती. या धोक्याला उत्तर मिळते ते संगीताच्या समग्र मांडणीतून. या नाटकात भीक हा धंदा करणारा नायकाचा सासराही तितकाच लबाड आहे आणि पोलीस अधिकारीही विकाऊ आहे. जे सूर मराठी श्रोत्याला आपले, घरचे वाटतात त्यांतही हीच माणसे गातात. कोणताच संगीतप्रकार येथे नैतिकतेचा दाखला घेऊन येत नाही. म्हणून पॉप सुराचा अर्थ तो एकटा ऐकून लागत नाही, इतर सुरांच्या शेजारी ऐकूनच लागतो. हा शेजार हीच या प्रयोगाची खरी रचना होय. आणीबाणी उठून फार काळ लोटला नव्हता, आणि १९७७ च्या निवडणुकीत पुलंनी जाहीर सभांतून भाषणे केली होती. सत्ता, कायदा आणि गुन्हा यांच्या भागीदारीचे हे चित्र त्या प्रेक्षकाला दूरच्या लंडनचे वाटण्याची शक्यता नव्हती.

गाण्याच्या रीतीचाही विचार करायला हवा. गायक-नट ध्वनिवर्धकाविना, पायपेटी आणि सारंगीच्या साथीने नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्याच्या गरजेतून घडला. पॉप गायक ध्वनिक्षेपकासमोर घडतो. तो श्रोत्यांकडे तोंड करून, त्यांना उद्देशून गातो. आपण सादरीकरण करीत आहोत हे लपवण्याची त्याला गरजच नसते. पात्राच्या भावनेतून गाणे उमलले असा आभास तो मुळातच निर्माण करीत नाही. गाणारा माणूस दाखवावा, ही ब्रेख्तची अपेक्षा मनोरंजनाच्या या व्यवसायात सवयीने पूर्ण होते. मराठी नटाला जी गोष्ट सिद्धान्त वाचून शिकावी लागली असती, ती पॉप गायकाच्या अंगात पेशाने मुरलेली होती.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. लोकप्रिय गायकाचे आकर्षण टीकेला गिळून टाकत नाही काय? आक्षेपाला इतिहासाचा आधार आहे. मॅकहीथच्या गुन्ह्यांची यादी सांगणारे गीत अमेरिकेत लुई आर्मस्ट्राँग यांनी १९५५-५६ च्या सुमारास आणि बॉबी डॅरिन यांनी १९५९ मध्ये गायले, आणि खुनांची ती नोंदवही आनंदाने ठेका धरण्याचे निमित्त झाली. पुढे १९८९ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर जॉन डेक्स्टर यांनी हेच नाटक केले, तेव्हा मॅकहीथ झाले होते जगद्विख्यात पॉप गायक स्टिंग. एवढे नाव असूनही तो प्रयोग नोव्हेंबर ते डिसेंबर अशा दोन महिन्यांतच, पासष्ट खेळांनंतर, बंद झाला.

मराठी आणि ब्रॉडवेचे प्रयोग शेजारी ठेवले की फरक दिसतो. स्टिंग यांची कीर्ती नाटकाहून मोठी होती. प्रेक्षक स्टिंगला पाहायला येत होता, आणि नाटकाचे संगीत मात्र साठ वर्षांपूर्वीचे होते. गायकाचा आवाज आणि पात्राचे गाणे यांच्यात काळाची दरी होती. पुण्यात नेमके उलट घडले. भेंडे यांचे नाव मराठी प्रेक्षकाला भारावून टाकील एवढे मोठे नव्हते. मोठे होते ते त्यांच्या संगीताचे परकेपण. तेथे प्रसिद्धी गायली, येथे संगीतप्रकार गायला. पॉप गायकाला नायक केल्याने टीका बोथट होते की धारदार, हे गायकाच्या पेशावर अवलंबून नसते. त्याचे नाव आणि त्याचा सूर यांपैकी नाटक कशाचा उपयोग करते, यावर ते ठरते. लॅव्हिनिया फेंटनपासून चालत आलेल्या या व्यवहारात १९७८ चा मराठी प्रयोग सुराच्या बाजूला उभा राहिला, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

७

तरीही या वाटेवरून फारसे कोणी पुढे गेले नाही. नंदू भेंडे यांचा आवाज १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’ या हिंदी चित्रपटातील एका गीतातून देशभर पोचला. ज्या व्यवसायात पाश्चात्य सुराला मागणी होती तिकडे तो गेला, यात नवल नाही. २०१४ मध्ये त्यांचे निधन झाले. मराठी संगीत नाटकाने त्यांच्यासारख्या गायकांसाठी नव्या भूमिका लिहिल्या नाहीत. त्याचे कारण गायकांच्या अभावात शोधण्यापेक्षा ‘संगीत’ या शब्दाच्या मराठी अर्थात शोधले पाहिजे. ‘संगीत नाटक’ म्हणताना पहिले पद रागसंगीताचा पर्याय मानले गेले. संगीत नाटकाचे पुनरुज्जीवन म्हणजे जुन्या पदांचे जतन, असा त्याचा अर्थ झाला. किर्लोस्करांनी आपल्या काळातले सर्व तऱ्हेचे गाणे निःसंकोचपणे नाटकात घेतले होते, याचा विसर पडला.

या दृष्टीने पाहता ‘तीन पैशाचा तमाशा’ला परंपरेपासून तुटलेला प्रयोग म्हणण्यापेक्षा परंपरेच्या आरंभबिंदूकडे केलेली वाटचाल म्हणणे अधिक युक्त ठरेल. किर्लोस्करांच्या नाटकात विविध चाली एकत्र नांदत होत्या. पुलंच्या नाटकात त्या एकमेकींची झडती घेतात, एवढाच दोहोंमधील, पण निर्णायक, फरक आहे. संगीत नाटकाचा इतिहास लिहिताना रागदारी गळ्यांच्या मालिकेबाहेरच्या या गायक-नटाला स्थान द्यायचे की नाही, हा प्रश्न एका कलावंताच्या श्रेयापुरता मर्यादित नाही. संगीत नाटक ही एका संगीतप्रकाराची मिरास आहे, की समाजात जे जे गायले जाते त्याला रंगमंचावर जाब विचारणारा तो रूपबंध आहे, या प्रश्नाचे उत्तर त्यातून द्यावे लागते. १९७८ च्या प्रयोगाने दुसऱ्या पर्यायाची शक्यता सिद्ध करून दाखवली. इतिहासलेखनाने ती अद्याप पुरेशी हिशेबात धरलेली नाही.